बाबा, इथल्या मोक्क्याबद्दल

ब्रुकलिन, रविवार

ती. बाबा व ती. सौ. आईस सा. न.

मी मजेत आहे. वेळेवर जेवते. आईची शाल ऑफिसात खुर्चीवरच असते, तेव्हा थंडीची काळजी नको.

बाबा, परवा फोनवर तुम्ही ‘गुंडांची वकिली’ म्हणालात, ते लागलं मला. आपल्याकडे 1999 चा मोक्का, तसा इथे 1970 पासून रिको. टोळीच्या कामात दहा वर्षांच्या आतले, एकमेकांशी जोडलेले निदान दोन गुन्हे दाखवावे लागतात. शाबीत झालं तर वीस वर्षांपर्यंत कैद, वर मालमत्ता जप्त. माफियासाठी आणलेला कायदा, पण जाळ्यात कारकूनही येतो. आमचा अशील एका ट्रकवाल्याकडे हिशेब लिहायचा. त्याच्या वह्या महिनाभर वाचतेय. बारीक अक्षर, दर शनिवारी बेरजेखाली दोन रेघा. सुप्रीम कोर्टाने 1993 साली सांगितलंय की धंदा चालवण्यात हात असल्याशिवाय मुख्य कलम लागत नाही. तो खटलाही हिशेबनीसांचाच होता. मालकाने काय केलं ते मालक बघेल, याने टोळी चालवली का, एवढंच आम्ही विचारतोय. कटाचं कलम मात्र वेगळं लावलंय. तिथे नुसती संमतीही पुरते. झोप उडते ती त्यानेच.

आई, तुला ज्युरीचं नवल वाटलं होतं ना? बारा साधी माणसं, कोणी बसचा ड्रायव्हर, कोणी शाळेतल्या बाई. निवडताना न्यायाधीश त्यांना घरचं विचारतात: नात्यात कोणी पोलीस आहे का, कधी चोरी झाली का. मग कारण न सांगता आम्ही दहा जणांना नको म्हणू शकतो, सरकार सहा जणांना. उरतात त्यांनी खटला संपेपर्यंत त्याबद्दल घरी नवऱ्याशीसुद्धा बोलायचं नाही. ते आत आले की सगळं कोर्ट उभं राहतं, आरोपीसुद्धा. आणि दोषी ठरवायचं तर बाराही जणांचं एकमत लागतं. आपल्याकडे पंचांत कधी झालंय का असं?

आणि मी एकटी कुठे जात नाही. अशिलाला भेटते ती ऑफिसात, मोठ्या वकीलबाई शेजारी असतात. उगीच मावशीला काही सांगू नका.

कार्यालयाच्या दुसऱ्या हप्त्याचे पैसे शुक्रवारी पाठवलेत. आचाऱ्याचेही मीच देईन, बाबांनी एफडी मोडायची नाही. माझ्या स्थळाचं छोटीचं लग्न झाल्यावर बोलू. फोटो पाठवलात तो पाहिला, चांगला आहे मुलगा, नाही म्हटलेलं नाही.

एक सांगायचं राहिलंय. खटल्याची तारीख वैशाखातच लागली. पुढे ढकलली तर येईनच, तिकीट अजून रद्द केलेलं नाही. पण छोटीला तुम्हीच सांगा, माझ्याच्याने फोनवर बोलवलं नाही. करवली म्हणून आत्याच्या मुलीला उभं करा. माझी जांभळी पैठणी कपाटात वरच्या कप्प्यात आहे, तीच तिला नेसवा. ब्लाउज उसवून घ्यावा लागेल.

तुमची,
मनी