बाई, नगरला निघण्याआधी

आदरणीय बाई,

ख्रिस्तात सलाम.

येत्या शनिवारी तुमचं सामान भायखळ्याहून नगरला जाणार. तुमच्या निरोपाच्या उपासनेत पाळकसाहेबांनी मला चार शब्द बोलायला उभं केलं आणि माझ्या तोंडून एक शब्द फुटला नाही. म्हणून हे पत्र. ते सगळ्यांसमोर ठेवतेय, कारण मुलांना घरी शिकवणाऱ्या आणि तसा विचार मनात घोळवणाऱ्या आयांना तुम्ही काय केलंत ते कळायला हवं.

थोरल्याला तिसरीतून शाळेतून काढलं त्याला सहा वर्षं झाली. 'लक्ष नसते, मागे पडतो' हा शेरा प्रगतिपुस्तकात दोनदा आला होता आणि रोज सकाळी त्याचं पोट दुखायचं. आम्ही दोघांनी प्रार्थना केली आणि धीर करून ठरवलं की घरीच शिकवायचं. पण मी बाहेरच्या खोलीत पुन्हा शाळाच मांडली. भिंतीवर वेळापत्रक, ४० मिनिटांचे तास, शनिवारी चाचणी. पाढा चुकला की शास्त्रातलं वचन २० वेळा लिहायचं. देवाचं वचन मी छडीसारखं वापरत होते, बाई. तेव्हा मला ते भक्तीचं वळण वाटत होतं.

त्या पावसाळ्यात मी तुमच्याकडे रडत आले. हा काही शिकतच नाही, गोष्ट वाचून दाखवली तर तीन वाक्यंही सांगता येत नाहीत, असं म्हणाले. तुम्ही मला चहा दिलात आणि माझ्याकडे न बघता त्याच्याकडे बघत बसलात. तो तुमच्या पायमशीनखाली शिरला होता. अर्ध्या तासाने तुम्ही त्याला एवढंच म्हणालात, "काय दिसलं, मला सांग बघू." आणि तो बोलायला लागला. सुई दोरा घेऊन खाली जाते, वर येताना दोरा जरा सैल पडतो, त्याचा फास होतो, मग शटल तो फास धरून बॉबिनच्या, म्हणजे खालच्या दोऱ्याच्या रिळाच्या, भोवती फिरवतं, म्हणून दोन दोरे एकमेकांत अडकतात आणि टाका पडतो. बोलताना हाताने फास करून दाखवत होता. माझ्या मुलाला इतकं सलग बोलताना मी त्याआधी ऐकलंच नव्हतं.

मग तुम्ही पवित्र शास्त्र काढलंत. नीतिसूत्रे, अध्याय २२, वचन ६. 'मुलाच्या स्थितीस अनुरूप असे शिक्षण त्याला दे.' हे वचन मला लहानपणापासून पाठ होतं. तुम्ही 'स्थितीस अनुरूप' या दोन शब्दांवर बोट ठेवलंत आणि विचारलंत, "अगं, तुला त्याची स्थिती माहीत आहे का? बघितलीस कधी?"

त्यानंतर वेळापत्रक उतरलं. शार्लट मेसन (१८४२–१९२३) या इंग्लंडमधल्या ख्रिस्ती शिक्षिकेची पद्धत तुम्ही मला समजावलीत: मूल जन्मापासूनच एक पूर्ण व्यक्ती असतं, धडे छोटे ठेवायचे, उतारा एकदाच वाचायचा आणि मग मुलाने तो आपल्या शब्दांत सांगायचा. आम्ही राणीच्या बागेत एकच झाड धरलं, कैलासपतीचं. बुधवारी बाग बंद, म्हणून मंगळवारी जायचो. फुलं फांदीच्या टोकाला न येता थेट खोडाला येतात, हे मी त्याच्या वहीतल्या चित्रात पहिल्यांदा पाहिलं. त्या झाडाखालून मी किती वर्षं गेले असेन!

पण मी सगळ्यात जास्त ऋणी आहे ती दुसऱ्या एका गोष्टीसाठी. वचन पाठ केलं नसताना केलं म्हणून तो खोटं बोलला होता आणि मी त्याला तुमच्यासमोर आणून उभं केलं. ख्रिस्ती घरातलं मूल खोटं बोलतं, याचाच मला धक्का होता. तुम्ही त्याला बाहेर खेळायला पाठवलंत आणि मला म्हणालात, "खरं बोलायची भीती वाटावी असं घर केलंस, ते आधी बघ. बापांनो, मुलांना चिरडीस आणू नका, हे इफिसकरांस पत्रातलं वचन आयांनाही लागू आहे. जा, त्याची माफी माग." आईने मुलाची माफी मागायची, हे आमच्या घरात कुणी केलेलं नव्हतं. त्या रात्री मी मागितली. तो काही बोलला नाही, नुसता जवळ येऊन झोपला. दोनेक महिन्यांनी तेलाची बरणी फुटली तेव्हा मला पत्ताच नव्हता. तोच स्वयंपाकघरातून आला, पाय तेलाने माखलेले, आणि म्हणाला, "आई, माझ्या हातून फुटली." मी फडकं आणलं. दोघांनी मिळून फरशी पुसली.

नातेवाईक विचारायचे, शाळेत न जाता कोण मोठं झालंय? तुम्ही त्यांना पंडिता रमाबाईंचं नाव सांगायचात. त्यांना संस्कृत शिकवलं ते आईने, लक्ष्मीबाईंनी, तेही तीर्थयात्रेत गावोगाव फिरता फिरता. पुढे त्याच रमाबाईंनी १८८९ साली आपल्या मुंबईत विधवांसाठी आणि मुलींसाठी शारदा सदन ही शाळा काढली आणि केडगावला बसून मूळ हिब्रू-ग्रीकवरून शास्त्र मराठीत आणलं. मामंजी त्यानंतर गप्प झाले.

आणि तरी धाकटीलाही घरी बसवायला मी निघाले तेव्हा तुम्हीच मला अडवलंत. तिला रांग आवडते, घंटा आवडते, मैत्रिणी लागतात. तिला शाळेतच राहू दे, तिची स्थिती वेगळी आहे. घरची शाळा हीच काय ती ख्रिस्ती, असं मी म्हणायला लागले होते. तुम्ही ते वेळीच मोडून काढलंत. धाकटी आज सहावीत आहे आणि आनंदात आहे.

थोरल्याला १४ पूर्ण झाली. मुक्त विद्यालयाच्या म्हणजे एनआयओएसच्या दहावीला यंदा त्याचं नाव घातलंय. पाच विषय, त्यात त्याने हट्टाने चित्रकला घेतली. तिथे परीक्षा वर्षातून दोनदा असते आणि सगळे विषय एकदम द्यायची सक्ती नाही, म्हणून माझ्या जिवाला घोर नाही. गणित अजून अवघड जातं. ते तो शेवटी देणार आहे.

बाई, तुमचं मशीन बांधायच्या आधी त्याला एकदा तेल घालायचंय, म्हणून तो शुक्रवारी दुपारी येतोय. पट्टा तो स्वतः उतरवून ठेवणार आहे. नगरला तो कुणाकडून चढवून घेऊ नका, असा त्याचा निरोप आहे. नाताळच्या सुट्टीत तो येईल आणि चढवेल.

तुमची,
थोरल्याची आणि धाकटीची आई
भायखळा, मुंबई