साहेब किती दिवस आहेत?

मा. शालेय शिक्षणमंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

महोदय,

शहरातल्या महापालिका शाळांचा कारभार पाहणारे नवे प्रशासनाधिकारी रुजू झाले की तिथले शिक्षक एकमेकांना विचारतात, "किती दिवस आहेत?" साहेब कसे आहेत, हा प्रश्न नंतरचा. उत्तर सहसा महिन्यांत मिळतं आणि त्यावरून ज्याचं त्याचं ठरतं: साहेब सांगतील ते मनावर घ्यायचं, की फाइल तेवढी नीट ठेवून वेळ काढायचा. महापालिका शाळांत माझी ३१ वर्षं गेली, त्यातली शेवटची ९ मुख्याध्यापिका म्हणून. हा हिशेब मीही केलेला आहे, तेव्हा शिक्षकांना नावं ठेवायला मी बसलेली नाही.

मागणी एकच आहे. शहराच्या शाळा ज्याच्या हाती सोपवता, त्याला तिथं निदान पाच वर्षं राहू द्या. आणि त्या खुर्चीचा 'अतिरिक्त पदभार' दुसऱ्या खुर्चीवर बसलेल्याला देणं बंद करा.

सोलापूरचा वर्ग एकदा डोळ्यांसमोर आणा. पूर्व भागात पहिलीत आलेल्या पोराच्या घरात तेलुगू, गल्लीत हिंदी, फळ्यावर मराठी. पुस्तकातलं पालीचं चित्र दाखवून बाई म्हणतात, "पाल." पोराला घरचं दूध आठवतं, कारण तेलुगूत पालु म्हणजे दूध. (कन्नड घरातलं पोर दुधाला हालु म्हणतं. ते आणखी वेगळेच हाल.) आमच्याकडे महापालिकेच्या शाळा मराठी, उर्दू, कन्नड, तेलुगू अशा चार माध्यमांच्या. आई विड्या वळते, बाप यंत्रमागावर, पाळी रात्रीची असली की सकाळी पोराला उठवायला कोणी नाही. जानेवारीत गड्ड्याची जत्रा भरली की हजेरीपट अर्धा. बाहेरून आलेला अधिकारी कितीही हुशार असो, हे सगळं अंगवळणी पडायला त्याचं एक वर्ष जातं. दुसऱ्या वर्षी तो कामाचं काही बोलू लागतो, आणि तेवढ्यात बदलीचा आदेश येतो.

एक साहेब मला चांगले लाभले. त्यांचं नाव आणि साल मुद्दाम लिहीत नाही. मुख्याध्यापकांची मासिक सभा त्यांनी कार्यालयातून उचलून शाळांत आणली, दर महिन्याला वेगळी शाळा. सभेला अहवाल आणायचा नाही, असा दंडक. प्रत्येकानं आपल्या शाळेतल्या सगळ्यात मागे पडलेल्या पाच मुलांच्या वह्या आणायच्या. पहिल्या सभेला आम्ही चांगल्या अक्षराच्या वह्या नेल्या. साहेबांनी चार-पाच उघडल्या आणि म्हणाले, "ही पाच पोरं मागे असतील तर तुमच्या शाळेला मी काय शिकवणार? चला, चहा घेऊ." सभा तिथंच संपली. पुढच्या महिन्यापासून खऱ्या वह्या यायला लागल्या.

त्या वह्यांमधून आम्हाला एकमेकांच्या शाळा कळल्या. एका शाळेतल्या बाई तेलुगू घरातल्या मुलांना पहिले तीन महिने नुसतं बोलतं करत होत्या, लिहिणं नाहीच. त्यांची मुलं दिवाळीनंतर आमच्या मुलांना मागे टाकत होती. हे आम्हाला कोणत्याही प्रशिक्षणात कोणी सांगितलं नव्हतं. ते पाहून दुसऱ्या वर्षी आमच्या शाळेत अनुभवी बाई सातवीतून पहिलीला आल्या. आधी रुसल्या (सातवीचा वर्ग म्हणजे मान असतो आमच्याकडे), मग रमल्या.

साहेब ऐन सत्रात गेले. त्यांच्या जागी कोण येणार हे महिनाभर ठरेना. मग ज्यांच्याकडे आधीच दोन टेबलं होती त्यांना तिसरं मिळालं. ते वाईट नव्हते, त्यांना सह्यांतून डोकं वर काढता येत नव्हतं. सभा पुन्हा कार्यालयात आणि वह्या घरी.

माझी लेक कॅलिफोर्नियात असते. तिच्याकडे गेले होते तेव्हा शेजारच्या लाँग बीचच्या शाळांबद्दल ऐकलं, मग मिळेल ते वाचून काढलं. बंदराचं शहर. १९९० च्या दशकात तिथला नौदलाचा तळ बंद झाला, विमान कारखान्यातून माणसं काढली गेली. गिरण्यांचे भोंगे बंद होताना पाहिलेल्या सोलापूरकराला यातलं काही समजावून सांगावं लागत नाही. कंबोडियातून निर्वासित होऊन आलेली कुटुंबं, स्पॅनिश बोलणारी कुटुंबं, वर्गात कितीतरी भाषा. तिथं शहराच्या सगळ्या सरकारी शाळांच्या प्रमुखाला सुपरिंटेंडेंट म्हणतात. १९९२ मध्ये कार्ल कोन या पदावर आले ते दहा वर्षं राहिले. त्यांच्यामागून आलेले ख्रिस स्टाइनहाउझर त्याच शहरात शिक्षक आणि मुख्याध्यापक म्हणून राबलेले होते. ते २०२० पर्यंत, म्हणजे १८ वर्षं. अठ्ठावीस वर्षांत दोन माणसं! २००३ मध्ये अमेरिकेतल्या शहरी शाळांसाठीचा ब्रॉड पुरस्कार लाँग बीचला मिळाला. पुढे २००६ मध्ये तो बॉस्टनला गेला, तिथंही टॉम पेझंट यांनी ११ वर्षं काढली होती.

नुसतं टिकून राहिल्यानं शाळा सुधारतात, असं मात्र मी म्हणणार नाही. अटलांटाच्या बेव्हर्ली हॉल १९९९ पासून पदावर होत्या, २००९ मध्ये देशातल्या सर्वोत्तम सुपरिंटेंडेंट ठरल्या. २०११ मध्ये राज्याच्या चौकशीत निघालं की ४४ शाळांत परीक्षेची उत्तरं फिरवली गेली होती आणि त्यात १७८ शिक्षक-मुख्याध्यापक गुंतले होते. आकडा चढलाच पाहिजे असा दट्ट्या वर्षानुवर्षं आला, की आकडा चढतो. आपल्या 'निपुण भारत' या वाचन-गणिताच्या सरकारी अभियानाच्या तक्त्यांकडे बघताना मला अटलांटा आठवतं. तिसरीपर्यंत प्रत्येक मुलाला वाचता यावं, याचं उद्दिष्ट २०२६-२७ आहे. मुदत जवळ आली की तक्ते आपोआप हिरवे होतील. म्हणून पाच वर्षं देताना एक अटही घाला: वर्षातून एकदा एका शाळेच्या मुलांचं वाचन दुसऱ्या शाळेच्या शिक्षकांनी ऐकावं, आणि जे ऐकलं ते शाळेच्या भिंतीवर पालकांना वाचता येईल असं लावावं. खर्च कागदाचा आणि डिंकाचा.

बदल्यांचा २००५ चा कायदा आपल्याकडे आहेच. त्यात एका पदावर सर्वसाधारण तीन वर्षं धरलेली आहेत, आणि 'अपवादात्मक' कारणांसाठी मधेच हलवण्याची वाटही ठेवलेली आहे. ती वाट फार रहदारीची झाली आहे. पण तीनसुद्धा मला कमी वाटतात. जूनमध्ये रडत पहिलीत बसलेलं पोर सातवीतून बाहेर पडायला सात वर्षं लागतात. त्या सात वर्षांत त्यानं एका साहेबाची पूर्ण कारकीर्द तरी बघावी.

वरून धोरणंही किती वेगानं फिरतात! 'एक राज्य, एक गणवेश' आलं, कपडे वेळेवर पोचले नाहीत, आणि २०२४ संपता संपता गणवेशाचा अधिकार पुन्हा शाळा व्यवस्थापन समित्यांकडे आला. २०२५ च्या एप्रिलमध्ये पहिलीपासून हिंदीचा निर्णय निघाला, जून संपायच्या आत मागे घेतला. यातलं बरोबर काय होतं यावर मी भांडत नाही. पण इतक्या उलटसुलट टपालातून आपल्या शहराच्या वर्गासाठी काय घ्यायचं आणि काय बाजूला ठेवायचं, हे ठरवणारा माणूस जागेवर लागतो. तो आठ महिन्यांचा पाहुणा असेल, तर आलेलं टपाल 'तात्काळ' असा शेरा मारून तसंच व्हॉट्सॲपवर पुढे ढकलेल. तेच चालू आहे.

आपल्याच सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या रणजितसिंह डिसले गुरुजींना २०२० मध्ये ग्लोबल टीचर प्राइझ मिळालं, तेव्हा आम्ही सगळ्या शिक्षकांनी पेढे वाटले. एका शाळेत एक शिक्षक काय करू शकतो हे जगानं पाहिलं. शहराच्या पन्नासेक शाळा एकत्र हलवायच्या तर ते काम त्या प्रशासनाधिकाऱ्याच्या खुर्चीवरून होतं. त्या खुर्चीला पुरस्कार नको, मुदत द्या.

आपण सोलापूरला आलात तर न कळवता या, सकाळी प्रार्थनेच्या वेळेला. कळवून आलात तर वह्या चांगल्या अक्षरांच्या दाखवल्या जातील.

आपली,
एक निवृत्त मुख्याध्यापिका
पूर्व भाग, सोलापूर