मागील दारची तळी

फोंडा,
12 जुलै

तीर्थरूप आई-बाबांस,
शि. सा. नमस्कार.

बाबा, गुडघा आता कितपत वाकतो ते वहिनीने कळवलं. फिजिओथेरपीवाल्याशी वाद घालू नका, तो सांगेल तेवढं निमूट करा. आई, लोणचं पावसाआधी बरणीत भरलं, वर तेलही बोटभर आहे. आता मुख्य गोष्ट. फोनवर सांगणार होते, पण बाबांनी दुसऱ्याच वाक्याला "कितीला पडलं?" विचारलं असतं आणि पुढचं सगळं घशातच राहिलं असतं.

मागील दारी धुण्याचा दगड होता ना, तिथे आता तळी आहे. दगड फोडलेला नाही, आई. चौघांनी पहार लावून नीरफणसाखाली सरकवलाय. तळी आतून 10 फूट लांब, 6 फूट रुंद, पाणी 4 फूट, म्हणजे साधारण 6,800 लिटर. आणि तीत सात कोई मासे आहेत. चवथीला येऊन मागचं दार उघडल्यावर कळण्यापेक्षा आधी कळलेलं बरं.

शेजारच्या काकी कुंपणावरून बघून गेल्या. "कितें गो, हें नुस्तें खावपाचें न्हय?" मी नाही म्हटलं. "मगीर कित्याक?" बाबा, तुम्हीही हेच विचारणार, खायचे मासे नाहीत तर मग कशाला, म्हणून सांगते. हा मासा मुळात खाण्यासाठीच पाळलेला. जपानात निइगाताच्या डोंगरातले भातशेतीवाले हिवाळ्याच्या बेगमीसाठी कार्प मासे पाळायचे. साधारण दोनशे वर्षांपूर्वी त्यांत मधूनच तांबडे-पांढरे निपजू लागले, ते लोकांनी वेगळे काढून जपले. 1914 साली टोकियोच्या प्रदर्शनात मांडले तेव्हा कुठे बाकीच्या देशाला त्यांची ओळख झाली. आपले मात्र जपानचे नव्हेत, इथेच पैदास झालेले. तिकडच्या नामांकित माशांच्या किमती सांगितल्या तर तुमचा दुसरा गुडघाही दुखायला लागेल.

आता चूकही सांगून टाकते, नाहीतर काकी सांगतीलच. नव्या सिमेंटचा चुना पाण्यात उतरतो, म्हणून तळी तीनदा भरून तीनदा उपसली, ते पाणी माडांना गेलं. इथवर सगळं बरोबर केलं. मग दुकानदार म्हणाला, आता बिनधास्त सोडा. मी आठ मासे आणले आणि संध्याकाळी सोडले. बारा दिवसांत पाच गेले.

माशांच्या कल्ल्यांतून अमोनिया बाहेर पडतो. जुन्या फिल्टरमध्ये जिवाणू बसलेले असतात, ते त्याचं आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करतात. नायट्रेटचा त्रास फार नाही, पहिले दोन मात्र विषच. हे जिवाणू बसायला महिना-दीड महिना जातो. माझा फिल्टर कोरा करकरीत. विरजण न घालता सकाळी दही मागावं, तसला प्रकार. अमोनिया तपासायच्या किटमधल्या नळीतलं पाणी पिवळं राहायला हवं होतं, ते कोवळ्या केळीच्या पानासारखं हिरवं झालं. मासे पर अंगाला चिकटवून एका कोपऱ्यात गप्प. मग खाणं बंद केलं आणि रोज चौथा हिस्सा पाणी काढून विहिरीचं घातलं. विहिरीच्या पाण्यात क्लोरीन नाही हे एक बरं, नळाचं असतं तर आणखी एक खटलं. तीन वाचले. पाच केळीखाली पुरले. बाकीचे चार मी जूनमध्ये आणले, तेही नळीतलं पाणी तीन आठवडे सलग पिवळं राहिल्यावर.

मेच्या शेवटी एक रात्र वाईट गेली. ऊन तापलेलं, पाणी शेवाळाने हिरवंगार. शेवाळ दिवसा प्राणवायू सोडतं आणि रात्री तोच ओढून घेतं. त्यात गरम पाण्यात प्राणवायू मुळातच कमी मावतो. 20 अंशांना लिटरमागे 9 मिलिग्रॅमच्या आसपास, 30 अंशांना साडेसात. त्या रात्री गडगडाट झाला, वीज गेली, पंप बंद. चार वाजता टॉर्च मारला तर तिन्ही तोंडं पाण्याच्या वर, उघडमीट चाललेली. मी नाइटीवरच उभी राहून बादलीने पाणी उपसायचं आणि हात डोक्याच्या वर नेऊन सोडायचं, पाणी आपटलं की हवा मिसळते म्हणून. कावळे ओरडायला लागेपर्यंत हेच. दंड आठवडाभर उचलत नव्हते. आता बॅटरीवर चालणारा हवेचा पंप घेतलाय. (हो बाबा, बिल ठेवलंय.)

पावसात वेगळंच. आपल्या चिऱ्याच्या जमिनीतलं विहिरीचं पाणी हलकं, किंचित आंबटाकडे झुकणारं. वरून हा असा पाऊस, तोही हलकाच. पाण्यात चुना उरला नाही की त्याचा आम्लपणा एका रात्रीत वाढतो आणि मासे हबकतात. त्यावर उपाय तुझ्याच स्वयंपाकघरात सापडला, आई. तिसऱ्यांच्या शिंपल्या! धुऊन, उन्हात खडखडीत वाळवून, कांद्याच्या जाळीच्या पिशवीत भरून फिल्टरमध्ये टाकल्या. त्या हळूहळू झिजतात आणि पाणी सावरतं. वर्षानुवर्षं तू त्या माडाच्या बुंध्याशी टाकत होतीस.

जादा पाणी जायच्या नळीला बारीक जाळी लावलीय. तळी तुंबून एखादा मासा ओहोळात गेला तर पुढे नदीपर्यंत जाईल. ही जात चिखल उकरते, पाणी गढूळ करते, नदीतल्या आपल्या मळये-खवळे माशांना तिचा ताप नको. वरूनही जाळं आहे. पहिल्याच दिवशी खंड्या विजेच्या तारेवर येऊन बसला होता. एकदा दिवडही कठड्यावर पसरलेला दिसला. बिनविषारी असतो म्हणून मी ओरडले नाही, फक्त घरात आले. डासांचं म्हणशील तर पंपाने पाणी हलतं राहतं आणि शिवाय मूठभर गप्पी सोडलेत.

माशांत एक पांढऱ्यावर तांबडे डाग असलेला आहे, त्या रंगाला कोहाकू म्हणतात. एक काळा-तांबडा-पांढरा. पण मला आवडतो तो साधा तपकिरी, चागोई. दुकानात त्याला कुणी बघतही नव्हतं. पहिल्यांदा हातातून दाणा त्यानेच घेतला. तोंडात दात नसतात, ते घशात असतात. त्यामुळे बोट आत गेलं तरी नुसतं ओलं, मऊ ओढल्यासारखं वाटतं, आणि ओठांजवळच्या मिशा तळव्याला लागतात.

बाबा, कठडा जमिनीपासून दीड फूट उंच बांधून घेतलाय. गवंडी म्हणत होता, तळी जमिनीलगत शोभते. पण डॉक्टरांनी तुम्हाला खाली बसायचं नाही म्हणून बजावलंय, आणि दीड फूट म्हणजे खुर्चीएवढी उंची. पूर्वेकडच्या बाजूला चिरा रुंद ठेवून वर गुळगुळीत फरशी बसवली. सकाळी नऊपर्यंत तिथे नीरफणसाची सावली असते. त्याची पानं तळीत पडतात, पण एवढी मोठी की एकेक हाताने उचलता येतात. चिंच असती तर मी वेडी झाले असते.

दादाने त्या एजंटचं मलाही लिहिलंय. घर, परसू, माड मिळून भाव चांगला येतोय, तुम्ही दोघं कायमचे पुण्याला आलात तर त्याला निश्चिंती. त्याचं चुकत नाही. मी अजून उत्तर दिलेलं नाही. हे मासे नीट सांभाळले तर पंचवीस-तीस वर्षं जगतात. मी आता 43. बाकीचा हिशेब तुम्ही करा, बाबा, तळीच्या खर्चाचा हिशेब वहीत मांडून ठेवलाय, त्याच्याच खाली.

गणपतीवर बांधायच्या माटोळीचं सामान मी बघते, तुम्ही घाई करून येऊ नका. तिकीट खालच्या बर्थचंच काढायला सांगा.

तुमची,
बायो

ता. क. आई, कोईला पोट नसतं, नुसतं आतडं असतं. थोडंथोडंच पचतं, पाच मिनिटांत संपेल तेवढंच घालायचं. ते तोंड उघडून तुझ्याकडे बघतील, अगदी उपाशी असल्यासारखे. तरी शीत घालायचं नाही. एकसुद्धा.