चष्म्याविना थ्रीडी आणि माझी नात

संपादक साहेब, नमस्कार.

मे महिन्यात माझी ६ वर्षांची नात सुट्टीला विक्रोळीला आली होती, तिला घेऊन इकडच्याच एका मॉलमध्ये गेलो तर तिथे चष्मा न घालता थ्रीडी दिसणारी स्क्रीन लावलेली, मासे अगदी काचेबाहेर येऊन पोहतायत असं वाटायचं. मी आधी बाजूला उभा होतो तर सगळं दोन दोन दिसत होतं, मग तिथल्या मुलाने दंडाला धरून मधोमध उभं केलं आणि मासा नाकासमोर आला. नातीला त्याच जागी उभं केलं, स्क्रीन तिच्या डोळ्यांच्या उंचीवर आणली, तर ती म्हणते आजोबा हे तर आपल्या टीव्हीसारखंच आहे. तो मुलगा हसला, म्हणाला नीट बघ ना, सगळ्यांना दिसतं. मागे रांगेत उभी असलेली पोरंही हसली आणि ती माझा शर्ट धरून मागे लपली.

मला या गोष्टीतलं थोडंफार कळतं, कारण मी परळच्या एका छापखान्यात नोकरी केली आणि आम्ही देवादिकांचे ते हलणारे फोटो बनवायचो. वर उभ्या रेघांचं प्लास्टिक, नख फिरवलं की कर्र वाजायचं, खाली दोन चित्रांच्या बारीक पट्ट्या एकाआड एक. रेघ म्हणजे छोटं भिंगच, एक पट्टी डाव्या डोळ्याला, दुसरी उजव्या डोळ्याला. चित्र केसाएवढं सरकलं तरी देवाला दोन नाकं दिसायची आणि सगळा गठ्ठा रद्दीत. या स्क्रीनचं तत्त्व तेच, कुठे भिंगं असतात तर कुठे काळ्या पट्ट्यांची जाळी. २०११ साली निन्टेन्डो कंपनीचा थ्रीडीएस हा हातात धरून खेळायचा व्हिडिओ गेम आला त्यात अशी जाळी होती, वरच्या स्क्रीनवर आडवे ८०० ठिपके, पण थ्रीडी चालू केलं की प्रत्येक डोळ्याच्या वाट्याला ४००च. आपल्या दोन डोळ्यांत अंतर ६-साडे ६ सेंटीमीटर, अशा साध्या थ्रीडी स्क्रीनसमोर डोकं तेवढं बाजूला गेलं की डाव्याचं चित्र उजव्याला जातं आणि लांबचं जवळ दिसायला लागतं. आता कॅमेऱ्याने डोळे शोधून चित्र सरकवणाऱ्या स्क्रीनही आल्यात, पण काहीही केलं तरी शेवटी दोन्ही डोळ्यांनी बघून मेंदूने ती चित्रं जोडायला लागतात, ते जमलं नाही तर चित्रातली खोली दिसणारच नाही.

हे आठवलं म्हणून दुसऱ्या दिवशी नातीला डोळ्यांच्या डॉक्टरकडे नेलं. डावा डोळा कमजोर निघाला, दोन डोळ्यांच्या नंबरात खूप फरक, मेंदू डाव्याचं चित्र घेतच नव्हता. शाळेत कुणाच्या लक्षात आलं नाही कारण दोन्ही डोळे उघडे असले की फळा नीट वाचता येतो. डॉक्टर म्हणाले हे जितक्या लहानपणी सापडेल तितकं बरं, वय वाढलं की सुधारणा कमी होत जाते. आता चष्मा आहे आणि रोज २ तास चांगल्या डोळ्यावर पट्टी, पहिले चार दिवस खूप रडली.

दुकानदारांना माझं कळकळीचं सांगणं आहे की "सगळ्यांना दिसतं" असं म्हणू नका. जमिनीवर उभं राहायच्या जागेची खूण करा आणि शेजारी एक पाटी लावा, मधोमध उभं राहूनही सपाटच दिसत असेल तर डोळे तपासून घ्या. अमेरिकेतल्या ऑप्टोमेट्रिस्टच्या, म्हणजे डोळे तपासणाऱ्या तज्ज्ञांच्या, संघटनेने थ्रीडीएस आला तेव्हाच सांगितलं होतं की मुलाला थ्रीडी दिसत नसेल तर तो डोळ्यांतल्या दोषाचा इशारा असू शकतो. आणि ज्यांच्या घरी लहान मुलं आहेत त्यांनी आजच एकेक डोळा हाताने झाकून लांबच्या कॅलेंडरवरची तारीख वाचायला लावा, एका डोळ्याने अडखळलं तर डॉक्टर गाठा. अर्थात नीट वाचलं म्हणून तपासणी टाळू नका.

नात परवा फोनवर विचारत होती, आजोबा मला तो मासा कधी दिसेल. दिवाळीत आली की परत घेऊन जाणार आहे, आणि या वेळी आधी डॉक्टरांना विचारून.

– एक वाचक, विक्रोळी (पूर्व), मुंबई