कोळशातला पाऊस

तीर्थरूप आई-बाबांस,
साष्टांग नमस्कार.

बाबा, मी पाठवलेल्या कोळशाच्या चित्राबद्दल "या चित्रात नेमके काय काढले आहेस?" असे तुम्ही फोनवर विचारलेत, तेव्हा मला नीट सांगता आले नाही, म्हणून सविस्तर लिहीत आहे.

त्यात डोंगर किंवा झाड शोधू नका. पाऊस कोसळण्याआधी उजेड उतरत जातो आणि आभाळ अंगावर आल्यासारखे वाटते, तेवढेच मला काढायचे होते. ढग काळा दिसतो, पण त्याच्यात काळे असे काहीच नसते. तो इतका दाट असतो की जलकणांवर विखुरत जाणारा सूर्यप्रकाश त्याच्या तळापर्यंत फार थोडा पोहोचतो. हे ध्यानात आल्यापासून मी कागदावरच्या काळ्याकडे अडलेला उजेड म्हणून पाहू लागले.

आधी सगळा कागद विलो या झाडाच्या कोळशाने भरून काढला. विलोच्या डहाळ्या हवा लागू न देता तापवून हा कोळसा करतात. त्यात डिंक नसल्यामुळे त्याची पूड खडबडीत कागदावर नुसती अडकून राहते आणि तळहात फिरवला तरी सरकते. मधल्या गडद पट्ट्यासाठी मात्र डिंक घालून दाबलेली कांडी वापरली. तिची खूण पुरती पुसता येत नाही, त्यामुळे तो पट्टा ओढण्यापूर्वी मी बराच वेळ नुसती बसून होते. आई, तुला आवडलेल्या तिरक्या पांढऱ्या सरी मी ओढलेल्याच नाहीत. मळून मऊ केलेल्या खोडरबराने तिथला कोळसा टिपून घेतला आणि खालचा कागद वर आला.

लिओनार्दो दा विंची यांनी उतारवयात, १५१७-१८च्या सुमारास, काळ्या खडूने प्रलयाची चित्रे काढली. त्यांत पाण्याचे आणि वाऱ्याचे भोवरेच सारा कागद व्यापतात. हवामान त्याच्या गतीतून काढावे, ही माझी ओढ ती चित्रे पाहिल्यापासूनची आहे.

चित्रावर फिक्सेटिव्ह, म्हणजे कोळसा कागदाला धरून ठेवणारा द्रव, फवारले आहे, तरी बोट लावू नका. चौकटीत बसवताना माउंट, म्हणजे चित्राभोवती जाड पुठ्ठ्याची कड, घालून काच कागदापासून दूर ठेवायला सांगा. काचेऐवजी अ‍ॅक्रिलिक नको, कारण त्यावरच्या स्थिर विजेने कोळशाचे कण ओढले जातात. थेट ऊन पडेल अशी भिंतही नको. आणि एखाद्या संध्याकाळी, दिवा लावण्याआधी, दोघे त्याच्यासमोर थोडा वेळ बसा. तेव्हा काय दिसले, ते मला कळवा.

तुमची लेक