भाताच्या पाककृतीत तांदळाचे नाव छापा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

रविवारच्या पुरवण्यांत मसालेभात, पुलाव, गोळाभात यांच्या पाककृती नेहमी येतात. बहुतेकींची पहिली ओळ 'दोन वाट्या तांदूळ' आणि पुढे कुठेतरी 'दुप्पट पाणी'. तांदूळ कोणता, नवा की जुना, भिजवलेला की कोरडा, भात कुकरमध्ये लावायचा की गंजात (पातेल्यात), यातले काहीच दिलेले नसते. वाचक सांगितलेले सगळे मसाले इमानाने घालतो आणि ताटात एक तर लगदा येतो, नाहीतर आतून कच्ची शिते. मग दोष मसाल्याला दिला जातो आणि पुढच्या वेळी मसाला वाढतो. भात चवदार होणार की नाही, हे फोडणीच्या बरेच आधी ठरलेले असते.

पहिली गोष्ट तांदळाची. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली हा धानाचा पट्टा आपल्या दाराशी आहे, तरी चवीचा भात म्हटले की पाककृतीत फक्त बासमती दिसतो. बासमती वाईट नाही. लांब शिताचा, थराथरांचा पुलाव त्याचाच करावा. पण मसालेभाताला एचएमटी किंवा जय श्रीराम या वाणांचा जुना तांदूळ जास्त शोभतो, कारण बारीक आखूड दाण्याला मसाला आणि तेल चहूबाजूंनी धरते, आणि भात भाजीत मिसळून घास होतो. भंडाऱ्याचा चिन्नोर, ज्याला भौगोलिक मानांकन आहे, तो मात्र मसाल्यात घालू नये. त्याचा स्वतःचा वास हेच त्याचे वैभव. तो साधा शिजवावा, वर वरण आणि तूप. सुवासिक तांदळाचा वास ज्या द्रव्याने येतो ते वाफेबरोबर उडून जाते, म्हणून असा भात भरपूर पाण्यात उकळून पेज काढून करू नये. मोजक्या पाण्यात, झाकण न उघडता शिजवावा.

एचएमटीचे नाव घेतले की दादाजी खोब्रागडे यांचे नाव घ्यायलाच हवे. चंद्रपूर जिल्ह्याच्या नागभीड तालुक्यातल्या नांदेड गावच्या या शेतकऱ्याने शेतातल्या वेगळ्या दिसलेल्या लोंब्या निवडून हे वाण वाढवले. २०१८ साली ते गेले. ज्यांचे धान इतक्या घरांत रोज शिजते, त्यांच्या तांदळाचे नाव पाककृतीत एकदाही येऊ नये, हे मनाला लागते.

नवा-जुना हा फरक तर जातीपेक्षाही मोठा. दिवाळीच्या सुमारास धान कापणीला येते आणि हिवाळ्यात नवा तांदूळ बाजारात भरतो. तो कमी पाणी पितो, लवकर फुटतो आणि चिकटतो. मऊ भात, खीर यांना तो छान. मसालेभाताला किमान वर्षभर मुरलेला हवा. साठवणीत दाणा आतून घट्ट होतो, शिजताना त्यातला स्टार्च कमी बाहेर पडतो, म्हणून शिते मोकळी राहतात. दुकानदार जुना म्हणतो म्हणून पोते घेऊ नये. आधी पावभर आणून मूठभर शिजवून पाहावा. दाणा लांबला आणि एकमेकांना चिकटला नाही, तर खुशाल घ्यावा.

धुताना तांदूळ चोळू नये, दाणे मोडतात आणि मोडलेला दाणा म्हणजे भाताचा चिकटपणा. पाण्यात हलक्या हाताने फिरवून तीन वेळा पाणी बदलले की पुरे. मग २० ते ३० मिनिटे भिजवून चाळणीत १० मिनिटे निथळत ठेवावा. न भिजवलेल्या दाण्याचे बाहेरचे अंग शिजून फुटते तरी गाभा टणक असतो. निथळवणे टाळले तर ओला तांदूळ फोडणीत परतला न जाता वाफवू लागतो आणि बुडाला चिकटतो.

आता पाणी. 'एकास दोन' हे सूत्र एका वाटीला जमते आणि चार वाट्यांना फसते, ते का, हे एकदा नीट समजून घ्यावे. इथे वाटी म्हणजे सपाट भरलेली १५० मिलिलिटरची, तीत साधारण १२५ ग्रॅम तांदूळ मावतो. मोकळा भात व्हायला जुना तांदूळ वाटीमागे सुमारे सव्वा वाटी पाणी स्वतः पितो. उरलेले पाणी वाफ होऊन जाते. ही वाफ तांदळाच्या मापावर अवलंबून नसते, तर गंजाचे तोंड किती रुंद, झाकण किती घट्ट आणि चूल किती वेळ पेटती, यावर असते. झाकण ठेवून मंद आचेवर मध्यम गंजात साधारण पाऊण वाटी पाणी उडते. म्हणून एका वाटीला सव्वा अधिक पाऊण, म्हणजे दोन वाट्या. चार वाट्या तांदूळ पितो पाच वाट्या, आणि गंज थोडा मोठा म्हणून उडते फार तर एक वाटी. एकूण सहा. आठ घातले की दोन वाट्या पाणी जास्तीचे होते आणि पंगतीच्या दिवशीच भात गिच्च होतो.

कुकरमध्ये वाफ कमी जाते, तेव्हा एकूण मापातून अर्धी वाटी कमी करावी. तांदूळ अर्धा तास भिजवला असेल तर वाटीमागे आणखी पाव वाटी कमी, कारण तेवढे पाणी तो आधीच प्यायलेला असतो. नव्या तांदळाला त्याहूनही थोडे कमी. टमाटे आणि दही हे पाण्याच्याच हिशेबात धरावेत. पाणी नेहमी उकळते घालावे. थंड पाणी घातले की भांडे थंडावते, तांदूळ कोमट पाण्यात पडून राहतो आणि कडा विरघळू लागतात. मीठ या पाण्यातच घालून चाखून बघावे, किंचित खारट लागले पाहिजे. दोन वाट्या तांदळाला चहाचा दीड चमचा मीठ होते. वरून भुरभुरलेले मीठ दाण्याच्या आत जात नाही. बोअरच्या जड पाण्यात पांढरा भात कधी पिवळट दिसतो. अर्ध्या लिंबाच्या चार-पाच थेंबांनी तो पांढरा राहतो.

मसालेभाताचा मसाला दोन वाट्या तांदळाला एवढाच पुरतो: एक मोठा चमचा धने, एक लहान चमचा जिरे, अर्धा चमचा शहाजिरे, ४ लवंगा, बोटभर दालचिनीचा अर्धा तुकडा, एक मसाला वेलची, चिमूटभर दगडफूल, दीड मोठा चमचा किसलेले सुके खोबरे आणि अर्धा चमचा खसखस. सगळे एकत्र भाजू नये. धने तापतात तोवर खसखस जळते. धने, जिरे आणि खडा मसाला मंद आचेवर वास सुटेपर्यंत, मग दगडफूल नुसते गरम होईपर्यंत, खोबरे बदामी होईपर्यंत आणि खसखस सर्वांत शेवटी. पूर्ण निवल्यावरच दळावे, गरम मसाल्याला पाणी सुटते आणि त्याचा गोळा होतो. बाजारच्या तयार मसाल्याचे तीन चमचे या ताज्या दोन चमच्यांची बरोबरी करत नाहीत, आणि बऱ्याचदा त्यातले मीठ वेगळेच हिशेब बिघडवते.

फोडणीला तीन मोठे चमचे शेंगदाण्याचे तेल. कमी तेल हा इथे खोटा संयम आहे. मसाल्यातला वास तेलात उतरतो, पाण्यात फारसा उतरत नाही. तेल तापले की मोहरी, ती पूर्ण तडतडल्यावर हिंग, तेजपान, मग कांदा किंवा सरळ भाजी. हळद आणि दळलेला मसाला भाजीला ओल सुटल्यावर घालावा. नुसत्या कडक तेलात तो १० सेकंदांत करपतो आणि तो कडवटपणा पुढे कशानेच जात नाही. वायगावची हळद असेल तर पाव चमचाही भरपूर. तिखट भिवापूरच्या मिरचीचे घ्यावे. वांगी, फुलकोबी, मटार घातले की वरून तांदूळ, आणि तो दोन-तीन मिनिटेच परतायचा, प्रत्येक दाण्याला तेल लागून चमक येईपर्यंत. नंतर उकळते पाणी, एकदा ढवळणे, आणि तिथून पुढे सराट्याला (उलथन्याला) हात लावायचा नाही. वारंवार ढवळलेला भात लापशी होतो.

पाणी तांदळाच्या पातळीला आले की आच मंद, झाकण घट्ट, गंजाखाली तवा. १० ते १२ मिनिटांत होते. मग चूल बंद करून झाकण न उघडता आणखी १० मिनिटे. ही १० मिनिटे सर्वांत जास्त वगळली जातात. या वेळात वरच्या आणि खालच्या थरांतली ओल सारखी होते आणि शित घट्ट होते. लगेच उपसलेला भात वर कोरडा, खाली ओला आणि मध्ये मोडलेला असतो. लिंबू पिळायचे ते ताटात, शिजताना घातले तर त्याचा वासच उरत नाही.

गोळाभात हा खरे तर आपल्या वैदर्भी स्वयंपाकातला सर्वांत हुशार पदार्थ. एकाच गंजात, एकाच वाफेवर, भात आणि डाळ दोन्ही. पण छापील कृतींत त्यात बारीक बेसन लिहिलेले असते आणि तिथेच तो संपतो. बारीक बेसनाचे गोळे दगड होतात. हरभऱ्याच्या डाळीचा रव्यासारखा भरडा हवा. एक वाटी भरड्याला दोन मोठे चमचे कडकडीत तेलाचे मोहन, एक चमचा तिखट, पाव चमचा हळद, अर्धा चमचा ओवा, हिंग, अर्धा चमचा मीठ आणि मूठभर बारीक चिरलेला सांबार, म्हणजे कोथिंबीर. मोहन चोळल्यावर मुठीत दाबून पाहावे, मूठ टिकली पाहिजे. तीन-चार चमचे पाण्यात कालवून १५ मिनिटे झाकून ठेवावे, भरडा तेवढ्यात ओल पितो. मग मुठीने दाबून लिंबापेक्षा लहान, लांबट गोळे वळावेत.

गोळे घालण्याची वेळ चुकली की सगळे चुकते. पाणी वर असताना टाकले तर फुटून भाताचे पिठले होते. पाणी पूर्ण आटल्यावर टाकले तर आतून कच्चे राहतात, कारण त्यांना शिजवायला वाफच उरत नाही. भाताच्या पृष्ठावर बारीक छिद्रे दिसू लागली, पाणी दिसेनासे झाले पण खाली खदखद ऐकू येते, ती नेमकी वेळ. गोळे भातात अर्धे रोवावेत, चमच्याने वरून थोडा भात ओढून घ्यावा आणि तव्यावर १५ मिनिटे वाफ द्यावी. गोळेही ओल घेतात, म्हणून दोन वाट्या तांदळाला अर्धी वाटी पाणी जास्त. एक गोळा फोडून पाहावा. मधोमध पिठूळ फिकट ठिपका दिसला तर आणखी पाच मिनिटे.

वाढताना गोळा भातात कुस्करायचा आणि वर चरचरीत फोडणी: चार माणसांना अर्धी वाटी तेल, एक चमचा मोहरी, आठ-दहा ठेचलेल्या लसणाच्या पाकळ्या, चार-पाच सुक्या लाल मिरच्या, अर्धा चमचा हिंग. लसूण बदामी झाला की चूल बंद, मगच मिरच्या, नाहीतर त्या काळ्या पडतात. सोबत चिंचेचे सार किंवा ताकाची कढी.

वडाभातालाही हीच फोडणी. वड्यांना एक वाटी हरभरा डाळ, अर्धी तूर, अर्धी मूग, पाव वाटी उडीद, चार-पाच तास भिजवून, नीट निथळून, पाणी न घालता भरड वाटावी. उडदाने वडा धरून राहतो, हरभऱ्याने खुसखुशीत होतो. मीठ तळायच्या क्षणी, आधी घातले की डाळीला पाणी सुटते. आच मध्यम ठेवावी. भात मात्र साधा, मिठाचा आणि वाफाळता हवा. गार भातावर हे वडे कुस्करण्यात अर्थ नाही.

उरलेल्या भाताबद्दल एक सूचना प्रत्येक पाककृतीखाली छापावी, विशेषतः मे महिन्यात, जेव्हा नागपूरचा पारा ४५ अंशांवर जातो. शिजवलेल्या भातात बॅसिलस सीरियस या जिवाणूचे बीजाणू जिवंत राहू शकतात आणि उबेत वाढतात. त्यातल्या काहींचे विष पुन्हा गरम केल्यानेही जात नाही. उरलेला भात ताटात पसरून गार करावा आणि तासाभरात फ्रीजमध्ये ठेवावा. दुसऱ्या दिवशी फोडणीच्या भाताला हाच उत्तम, कारण थंडाव्यात शित घट्ट होते आणि परतताना मोडत नाही.

आपल्या पुरवणीत पाककृती लिहिणाऱ्यांना कृपया एवढे कळवावे. 'दोन वाट्या तांदूळ, दुप्पट पाणी' याऐवजी पहिली ओळ अशी छापता येईल: 'जुना एचएमटी दोन वाट्या, अर्धा तास भिजवून निथळलेला, जाड बुडाच्या गंजात, उकळते पाणी पावणेतीन वाट्या.'

आपला,
एक वाचक, नागपूर