भिगवणच्या पक्षीनिरीक्षण सहलीबाबत तक्रार

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक सेवा विभाग

विषय : होडी अंगावर घालून पक्षी उडवल्याबद्दल तक्रार व निम्मी रक्कम परत मिळण्याबाबत

महोदय,

मार्चच्या पहिल्या शनिवार-रविवारी मी आणि माझी बारा वर्षांची पुतणी तुमच्या कंपनीबरोबर भिगवणला गेलो होतो. माणशी ६,५०० रुपये भरले. पहाटे साडेचारची बस स्वारगेटहून पावणेसातला सुटली, कुंभारगावला पोहोचेपर्यंत ऊन चढलं. त्याबद्दल मला भांडायचं नाही. गाडी कुणाचीही बिघडते. तक्रार आहे ती होडीत जे घडलं त्याची.

उजनी धरणाचं पाणी या दिवसांत ओसरत जातं आणि काठाचा गाळ उघडा पडतो. परतीच्या वाटेवरचे पक्षी तिथे पोट भरून घेतात. चिमणीएवढ्या टिलव्याला थेट टुंड्रा प्रदेश गाठायचा असतो, पट्टकदंब हंसांना हिमालय ओलांडायचा असतो. अंगावर चढलेली चरबी हीच त्यांची शिदोरी. उगाच उडावं लागलं की त्यातलीच खर्च होते.

रविवारी सकाळी एका उंचवट्यावर चाळीसेक पट्टकदंब विसावले होते. बरेचसे एका पायावर, चोच पाठीच्या पिसांत खुपसून. डोक्यामागचे दोन काळे पट्टे स्पष्ट दिसत होते. पुतणीने वही काढून चित्राला सुरुवात केली. तेवढ्यात तुमच्या टूर लीडरने नावाड्याला इंजिन चालू करून थव्यात घुसायला सांगितलं, उडतानाचे फोटो हवेत म्हणून. नावाडी म्हणाले, "साहेब, बसू द्या की त्यांना. लांबनंच बघू." त्यावर "पैसे आम्ही देतोय" असं उत्तर मिळालं. हंस उडाले, घिरटी घेऊन पुन्हा बसले. पुन्हा होडी घातली. तिसऱ्यांदा उठले ते परत आलेच नाहीत. वहीत फक्त डोकं आणि ते दोन पट्टे राहिले आहेत. पुतणी मला विचारत होती, आता ते कुठे बसतील? मला उत्तर देता आलं नाही.

तुमच्या पत्रकात "पक्षीतज्ज्ञ सोबत" असं छापलेलं आहे. या लीडरने लाल पायांच्या शेकाट्याला "फ्लेमिंगोचं पिल्लू" म्हणून सांगितलं. शनिवारी संध्याकाळी भोरड्यांचे थवे बाभळींवर उतरायच्या वेळेला जेवणाची घाई करून सगळ्यांना बसमध्ये बसवलं. मी इतकी वर्षं उजनीवर जाते, एवढं वाईट मला कधी वाटलं नव्हतं.

माझ्या मागण्या अशा. दोघींच्या १३,००० रुपयांपैकी ६,५०० परत करावेत. थव्यापासून अंतर राखायचं, पक्षी मान वर करून सावध झाले की इंजिन बंद करायचं आणि नावाड्याचं ऐकायचं, अशी लेखी सूचना प्रत्येक लीडरला द्यावी व तिची प्रत मला पाठवावी. होडीसमोरून उडणाऱ्या थव्याचा पत्रकावरचा फोटो काढून टाकावा, कारण तो बघून येणारा माणूस होडीत बसल्यावर तेच मागणार. आणि या प्रकारात नावाड्याला दोष देऊन त्यांचं काम बंद करू नये. त्या होडीत पक्ष्यांची बाजू घेणारे ते एकटेच होते.

पंधरा दिवसांत लेखी उत्तर न आल्यास मी जिल्हा ग्राहक आयोगाकडे तक्रार दाखल करेन.

आपली ग्राहक
(नाव व आरक्षण क्रमांक सोबतच्या पावतीवर आहे)

सोबत : पावती, पत्रक, पुतणीच्या वहीतल्या पानाची प्रत